सिकलसेल ‘माइल्ड’ राहील की ‘सिव्हिअर’ होईल, हे ११ महिन्यांच्या बाळाच्या रिपोर्टवरून सांगता येतं का?

ज्यांनी मूळ प्रश्न वाचला नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. भंडारा जिल्ह्यातले एक वडील विचारतायत. मुलगी ११ महिन्यांची आहे. मागच्या महिन्यात दोन्ही हातांचे पंजे सुजले, घरच्यांना वाटलं काहीतरी चावलं, मग रक्त तपासलं तर एचपीएलसीमध्ये (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) एस म्हणजे सिकलचं हिमोग्लोबिन ६४ टक्के, एफ म्हणजे बाळपणीचं २८, ए२ हा एरवी थोडासाच असणारा प्रकार ४.८, आणि खाली ‘एसएस पॅटर्न’ (दोन्ही जीन सिकलचे) असा शेरा. हिमोग्लोबिन ७.९, एमसीव्ही (लाल पेशीचा आकार) ६६. वडील स्वतः एएस (एकच सिकल जीन, म्हणजे फक्त वाहक), आईची गावातल्या शिबिरात सोल्युबिलिटी टेस्ट (एस आहे का एवढंच बघणारी) झालेली, ती निगेटिव्ह. एका डॉक्टरांनी सांगितलं एफ भरपूर आहे, माइल्ड राहील, टेन्शन घेऊ नका. दुसऱ्यांनी सांगितलं हायड्रॉक्सीयुरिया हे औषध लगेच सुरू करा. नात्यातला एक मुलगा एसएस असून पंधरा वर्षांचा झाला आणि कबड्डी खेळतो, तर शेजारच्या गावातली एक मुलगी सहाव्या वर्षी अर्धांगवायूने पडली. आणि आता कोणीतरी सांगितलंय की पुण्या-मुंबईत जीनची एक मोठी टेस्ट होते, त्यात सिव्हिअरिटी कळते, पंधरा-वीस हजार लागतील, तर ती करावी का.

मी बालरोगतज्ज्ञ आहे, विदर्भातच बरीच वर्षं सिकलसेलच्या मुलांची ओपीडी बघतोय, आणि हा प्रश्न जवळपास प्रत्येक नवीन आईबाप विचारतात. तुमच्या प्रश्नात मला दोन प्रश्न एकमेकात गुंतलेले दिसतात. एक म्हणजे पुढे हिचा आजार कसा जाईल, आणि दुसरा म्हणजे आज काय करायचं. तुम्ही (आणि ते पहिले डॉक्टरसुद्धा) असं धरून चाललाय की पहिल्याचं उत्तर मिळाल्याशिवाय दुसरं ठरवता येत नाही. माझं म्हणणं नेमकं उलट आहे, आज जे करायचंय त्यातलं जवळजवळ काहीच पहिल्या उत्तरावर थांबलेलं नाही. पण त्याच्याही आधी एक गोष्ट आहे जी तुमच्या प्रश्नात एका ओळीत येऊन गेली आणि बहुतेक कोणी त्यावर बोट ठेवलेलं नाही.

ती म्हणजे आईचा रिपोर्ट. मूल एसएस असायला एक एस बापाकडून आणि एक एस आईकडून यावा लागतो. आई ‘निगेटिव्ह’ असेल तर मुलगी एसएस कशी? मग तीन-चार शक्यता उरतात. एक, आईची सोल्युबिलिटी चुकून निगेटिव्ह आली. हे होतं, विशेषतः तपासणीच्या वेळी आईचं हिमोग्लोबिन फार कमी असेल तर, आणि शिबिरात गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बायका असतात तेव्हा ते कमीच असतं. दोन, आईमध्ये एस नाहीच, पण ती बीटा थॅलेसेमियाची (हिमोग्लोबिनचा बीटा भाग कमी बनण्याचा आनुवंशिक दोष) वाहक आहे. सोल्युबिलिटी टेस्ट फक्त एस पकडते, थॅलेसेमिया तिला दिसतच नाही, आणि आपल्याकडच्या तपासणीत सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली की बाई पुढे एचपीएलसीपर्यंत जात नाही, तिथंच फाइल बंद. तीन, आईमध्ये हिमोग्लोबिन डी (हिमोग्लोबिनचा आणखी एक बदललेला प्रकार) असू शकतं, तेही सोल्युबिलिटीत निगेटिव्हच येतं, पण मग मुलीच्या एचपीएलसीवर डीचा वेगळा भाग दिसला असता, तो तुम्ही लिहिलेला नाही म्हणून ते तूर्त बाजूला ठेवतो. चार, एचपीएफएच नावाचा प्रकार, म्हणजे जन्मानंतर एफ कमी व्हायला पाहिजे तो आईकडून आलेल्या जीनमुळे आयुष्यभर वरच राहतो.

आता तुमच्या मुलीचे आकडे बघा. ए२ ४.८ म्हणजे वाढलेलं, एमसीव्ही ६६ म्हणजे पेशी लहान. दोन्ही मिळून एस-बीटा थॅलेसेमियाकडे (एकाकडून एस, दुसऱ्याकडून बीटा थॅलेसेमिया) बोट जातं. पण खात्री नाही, कारण साध्या एसएसमध्ये सोबत अल्फा थॅलेसेमिया (हिमोग्लोबिनचा अल्फा भाग कमी बनण्याचा दोष) असला तरी चित्र साधारण असंच दिसतं, आणि ११ महिन्यांच्या बाळात लोह कमी असणं इतकं कॉमन आहे की एमसीव्ही त्यानेही खाली येतो. म्हणून मुलीच्या रिपोर्टकडे कितीही वेळ बघत बसलात तरी हे सुटणार नाही, ते आईच्या एचपीएलसीने सुटेल, जी काही शेकड्यांत होते. आईचं ए२ चारच्या वर आलं की बीटा वाहक. सीमारेषेवर आलं तर आईचं लोह तपासायचं, कारण लोह कमी असलं की ए२ खोटं खाली दिसतं आणि वाहक निसटते. एफ वीस-पंचवीस आलं आणि आईला कधी काही त्रास नाही, तर एचपीएफएच. आणि एचपीएफएच असेल तर तो खरंच सौम्य प्रकार आहे, अशी मुलं जवळपास नॉर्मल आयुष्य जगतात. पण खरं सांगायचं तर हिचं हिमोग्लोबिन ७.९ आणि हातांची सूज बघता तसं निघेल असं मला वाटत नाही, त्यात सहसा हिमोग्लोबिन चांगलं असतं.

बघा, सिव्हिअरिटीबद्दल जी सगळ्यात मोठी माहिती आज मिळू शकते ती पंधरा हजारांच्या टेस्टमध्ये नसून आईच्या न झालेल्या तपासणीत आहे. एस-बीटा निघालं तरी तो हलका प्रकार असतो असं समजू नका हं. बीटा-प्लसमध्ये (थोडं तरी बीटा बनतं) काही हलके असतात, पण भारतात सगळ्यात जास्त सापडणारं जे बीटाचं म्युटेशन आहे, आयव्हीएस १-५, ते जड गटातलं, आणि बीटा-झिरो (बीटा अजिबात बनत नाही) असेल तर आजार एसएससारखाच चालतो, उपचारही तेच. हो, आणि मुलीला या एचपीएलसीच्या आधी तीन महिन्यांत रक्त चढवलं होतं का हे तुम्ही लिहिलेलं नाही. चढवलं असेल तर हा रिपोर्टच धरता येणार नाही, परत करावा लागेल.

आता एफ २८ कडे येऊ, कारण सगळा दिलासा त्याच्यावर उभा आहे. पहिल्या डॉक्टरांचं तत्त्व चुकीचं नाही. एस हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडलं की एकमेकांना चिकटून लांब तंतू बनवतं, त्यानेच पेशी विळ्यासारखी वाकडी होते, आणि एफ त्या साखळीत बसत नाही, मध्ये आलं की साखळी तुटते. म्हणून ज्यांचा एफ जास्त त्यांना त्रास सरासरीने कमी, हे जगभर सिद्ध झालंय. पण या बाळाच्या बाबतीत दोन अडचणी आहेत. पहिली वयाची. जन्मताना प्रत्येक बाळात एफ सगळ्यात जास्त असतो, मग तो उतरत जातो, आणि सिकलसेलच्या मुलांमध्ये तो हळू उतरतो, पाचव्या वर्षापर्यंतसुद्धा खाली येत राहतो. ११ महिन्यांचा एफ म्हणजे जिना उतरणारा आकडा आहे, तो कुठल्या पायरीवर थांबेल ते आज कोणालाच माहीत नाही. आपल्याकडे वर्षाच्या आसपास २५-३० एफ असलेली एसएस बाळं सर्रास दिसतात, त्यातली काही पाचव्या वर्षी २२ वर असतात, काही १२ वर. दुसरी अडचण अशी की २८ ही सरासरी आहे. प्रत्येक लाल पेशीत २८ टक्के असतो असं नाही, काही पेशींत भरपूर असतो, काहींत जवळजवळ नसतोच, आणि नसाच्या तोंडाशी अडकतात त्या नसलेल्या पेशी. दोन मुलांचा एफ तंतोतंत सारखा असून वाटणी वेगळी असू शकते, आणि नेहमीच्या एचपीएलसीत ती वाटणी दिसत नाही.

मग ‘भारतातला सिकलसेल माइल्ड असतो’ हे कुठून आलं? ते हवेतून नाही आलं. १९८६ साली ओडिशातल्या रुग्णांची जमैकातल्या रुग्णांशी तुलना प्रसिद्ध झाली, त्यात ओडिशात एफ जास्त, हिमोग्लोबिन चांगलं, आजार सौम्य असं दिसलं, आणि ते वाक्य पुस्तकांत जाऊन बसलं. पण पश्चिम ओडिशात अल्फा थॅलेसेमियाही खूप आहे, त्याचा हातभार होता. शिवाय जन्मतः तपासणी नसलेल्या काळात मोठेपणी दवाखान्यात जे दिसतात ते जगलेले असतात, तापात किंवा प्लीहेत रक्त अडकून दोन वर्षांच्या आत गेलेली बाळं मोजणीत येतच नाहीत, त्यांना कोणी सिकलसेल म्हणूनही नोंदवलेलं नसतं. नंतर नागपुरात नवजात बाळांपासून तपासून पाठपुरावा केला तेव्हा कळलं की मध्य भारतात, एवढा एफ असूनही, दुखणं, रक्त चढवावं लागणं, छातीचा त्रास, अ‍ॅडमिशन हे सगळं चांगल्यापैकी होतं. त्यामुळे ‘आपल्याकडे माइल्ड असतो’ हे वाक्य एका मुलीच्या आईवडिलांना सांगण्याजोगं आता राहिलेलं नाही असं माझं मत आहे, काही सहकारी अजून सांगतात, ते दिलासा द्यायला सांगतात हेही मला कळतं.

जीनच्या मोठ्या टेस्टचं बोलू. मूळ बदल सगळ्यांत एकच आहे, बीटा ग्लोबिनच्या सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदलतं, ग्लुटामिक अ‍ॅसिडच्या जागी व्हॅलिन. म्हणजे हिमोफिलियासारखं किंवा सिस्टिक फायब्रोसिससारखं नाही, की म्युटेशन कुठलं त्यावरून थोडाफार अंदाज बांधता येतो. इथं कबड्डी खेळणाऱ्या मुलात आणि त्या अर्धांगवायू झालेल्या मुलीत (दोघं एसएस आहेत असं धरलं तर) मूळ दोष अक्षरशः तोच. मग टेस्टमध्ये बघतात काय, तर इतर जीन आणि जागा. हॅप्लोटाइप (बीटा जीनच्या आसपासच्या बदलांचा एकत्र येणारा संच), एक्सएमएन१, बीसीएल११ए, एमवायबीजवळचा भाग, अल्फा ग्लोबिन. यातला हॅप्लोटाइप आणि एक्सएमएन१ आफ्रिकी वंशाच्या लोकांत थोडं काहीतरी सांगतात कारण तिथं प्रकार वेगवेगळे असतात, बेनिन, बांटू, सेनेगल वगैरे. आपल्याकडे जवळपास सगळेच अरब-इंडियन हॅप्लोटाइपचे. जे सगळ्यांत सारखं आहे त्यावरून यातला कोण माइल्ड आणि कोण सिव्हिअर हे वेगळं कसं काढणार? बीसीएल११ए आणि बाकीचे एफ किती राहील यावर परिणाम करतात, पण एफ तर आपण थेट मोजतोच, सहा महिन्यांनी परत मोजू शकतो, त्याच्या कारणांची किंमत मोजून वेगळं काय कळणार?

अल्फा थॅलेसेमियाचं थोडं वेगळं आहे. ते सोबत असेल तर पेशी कमी फुटतात, हिमोग्लोबिन थोडं वर राहतं, पक्षाघाताचा धोका कमी होतो. पण दुखण्याचे झटके कमी होत नाहीत, काहींच्या बाबतीत वाढल्यासारखे दिसतात, आणि खुब्याच्या हाडाचा त्रासही, कारण हिमोग्लोबिन वाढलं की रक्त घट्ट होतं. तर मग याला माइल्ड म्हणायचं की सिव्हिअर? मेंदूसाठी माइल्ड, खुब्यासाठी नाही. तुमच्या एमसीव्हीमुळे ही एक तपासणी पुढे कधीतरी करायला हरकत नाही, आईची एचपीएलसी नॉर्मल एस वाहकाची निघाली तर विशेषतः. पण त्यासाठी मोठं पॅकेज लागत नाही.

आणि समजा सगळे जीन मोजले तरी? जमैकात एसएस असलेल्या एकसारख्या जुळ्यांवर एक छोटा अभ्यास झालाय. एकाच अंड्यातून झालेली जुळी, म्हणजे सगळे जीन सारखे. त्यांची उंची-वजन सारखं, एफ आणि बाकी रक्ताचे आकडेही जवळपास सारखे, पण दुखण्याचे झटके आणि गुंतागुंत मात्र जुळली नाही. मला हा अभ्यास आईबापांना सांगायला आवडतो, कारण त्यानंतर ‘अजून एखादी टेस्ट राहिली असेल’ ही रुखरुख बरीच कमी होते. हवामान खातं सांगतं की यंदा विदर्भात सरासरीइतका पाऊस, आणि ते खरंही ठरतं, पण तुमच्या बांधावर रोवणीच्या आठवड्यात पडेल की नाही ते त्यात नसतं. एफचं, जीनचं सगळं ज्ञान तसं आहे, हजार मुलांबद्दल खरं, तुमच्या एकीबद्दल अंदाज.

हातांच्या सुजेबद्दल. त्याला आम्ही डॅक्टिलायटिस म्हणतो, बोटांच्या छोट्या हाडांतला रक्तपुरवठा अडतो म्हणून ते होतं, बाळ हात लावू देत नाही, मुठीत खेळणं धरत नाही, रांगताना पंजे टेकवत नाही. बऱ्याच वेळा हे किडा चावला, मार लागला, नाहीतर इन्फेक्शन म्हणून जातं आणि तुम्ही रक्त तपासलंत हे फार बरं केलंत. आता याचा भविष्याशी संबंध किती? २००० साली अमेरिकेतल्या सुमारे ४०० बाळांच्या पाठपुराव्यावरून एक अंदाज मांडला होता, की वर्षाच्या आत डॅक्टिलायटिस, दुसऱ्या वर्षी हिमोग्लोबिन ७ च्या खाली, आणि इन्फेक्शन नसताना पांढऱ्या पेशी जास्त, या तीन गोष्टी असतील तर पुढे आजार जड जाण्याची शक्यता जास्त. आम्ही सगळ्यांनी तो उत्साहाने वापरला. मग २००८ मध्ये डॅलसच्या मुलांवर तोच तपासून बघितला तर उपयोगी पडेल इतका तो जुळलाच नाही. म्हणून हातांची सूज मी दुर्लक्ष करत नाही, ती मला एवढंच सांगते की एफ २८ असूनही हिच्या पेशी अडकायला लागल्यात, म्हणजे एफच्या भरवशावर गप्प बसायचं कारण आजच संपलं. पण त्यावरून ‘ही सिव्हिअर निघणार’ असं मी लिहून देणार नाही.

एक टेस्ट मात्र आहे जी खरंच पुढचं सांगते, आणि ती जीनची नाही. टीसीडी, म्हणजे कवटीवरून करायची सोनोग्राफी, मेंदूच्या मोठ्या नसांत रक्त किती वेगाने वाहतंय ते मोजते. सुई नाही, भूल नाही, मूल शांत राहिलं पाहिजे एवढंच (रडत असेल किंवा ताप असेल तर वेग खोटा वाढलेला येतो, त्या दिवशी करू नये). दोन वर्षांपासून सुरू करतात, सोळापर्यंत, साधारण वर्षातून एकदा. सरासरी वेग सेकंदाला १७० सेंमीच्या खाली असेल तर नॉर्मल, १७० ते १९९ म्हणजे लवकर परत बघा, २०० किंवा जास्त म्हणजे धोका, अशा मुलांत काही केलं नाही तर वर्षाला दहातल्या एकाला पक्षाघात होतो. १९९८ च्या स्टॉप ट्रायलमध्ये अशा १३० मुलांपैकी अर्ध्यांना नियमित रक्त दिलं, तर त्या गटात एकाला पक्षाघात झाला आणि दुसऱ्या गटात ११ जणांना, ट्रायल मध्येच थांबवावी लागली. आपल्याकडे पक्षाघात तिकडच्यापेक्षा कमी दिसतो, पण दिसतो, तुमच्या शेजारच्या गावातच दिसलाय. अंदाज कसा असावा याचं हे माझ्या मते चांगलं उदाहरण आहे. एकाच धोक्याबद्दल सांगतो, आणि धोका निघाला तर पुढे करायला काहीतरी आहे. नागपुरात करणारे मिळतील, पण आधी विचारून घ्या की सिकलसेलच्या मुलांची करण्याचा अनुभव आहे का, कारण साध्या डॉपलरचे आकडे आणि या कटऑफचे आकडे एकमेकांना लावून चालत नाही.

म्हणजे आतापर्यंत एवढं झालं: आईची एचपीएलसी आधी, मोठी जीन टेस्ट नको, एफ परत मोजू पण त्यावर काही अडवून ठेवायचं नाही, आणि दोन वर्षं पूर्ण झाली की टीसीडी.

आता दुसऱ्या डॉक्टरांकडे, म्हणजे हायड्रॉक्सीयुरियाकडे. पूर्वी पद्धत होती की वर्षात तीनदा अ‍ॅडमिट झाला की मग सुरू करायचं, म्हणजे मूल आधी सिव्हिअर सिद्ध होऊ दे आणि मग उपचार. २०११ मध्ये बेबी हग नावाचा अभ्यास आला, ९ ते १८ महिन्यांची बाळं, त्रास किती आहे हे न बघता घेतलेली. प्लीहा आणि किडनी वाचते का हे मुख्य बघायचं होतं, ते काही ठामपणे सिद्ध झालं नाही, पण दुखणं आणि ही हातापायांची सूज स्पष्ट कमी झाली. २०१४ पासून अमेरिकी मार्गदर्शनात ९ महिन्यांच्या वरच्या सगळ्या एसएस आणि एस-बीटा-झिरो मुलांना, त्रास असो नसो, हे औषध देऊ करा असं आहे. ‘एफ आधीच जास्त आहे तर एफ वाढवणारं औषध कशाला’ हा प्रश्न रास्त आहे, पण आपल्याच मुलांवर, म्हणजे एफ मुळात जास्त असलेल्या मुलांवर, नागपुरात किलोला १० मिलिग्रॅम अशा कमी डोसमध्ये देऊन बघितलंय आणि झटके चांगले कमी झालेत. ते औषध एफ तर वाढवतंच, शिवाय पांढऱ्या पेशी आणि चिकटणं कमी करतं. माझ्या ओपीडीत मी एकदा डॅक्टिलायटिस झालेल्या, हिमोग्लोबिन ७.९ असलेल्या या मुलीला आईचा रिपोर्ट बघून सुरू केलं असतं. डोस तुमचे डॉक्टर वजनावर ठरवतील, सुरुवातीला दर काही आठवड्यांनी सीबीसी करावी लागते कारण पेशी प्रमाणाबाहेर कमी होऊ शकतात, त्यात टाळाटाळ करायची नाही. भंडाऱ्याहून तपासणीला येणं-जाणं जमेल का, औषध सलग मिळेल का, यावर बरंच अवलंबून आहे, अधूनमधून देऊन उपयोग नाही. सरकारी दवाखान्यात मिळतं, २०२३ च्या राष्ट्रीय सिकलसेल मिशननंतर जरा जास्त नियमित मिळायला लागलंय, पण स्टॉक संपला असं ऐकावं लागतं तेव्हासाठी पंधरा दिवसांचं जास्तीचं जवळ ठेवा. आणि कॅप्सूल उघडून द्यायची वेळ आली तर हातमोजे घालून, घरातल्या गरोदर बाईने ते हाताळू नये.

हायड्रॉक्सीयुरियावर एवढी चर्चा होते आणि पेनिसिलिन कोणी विचारत नाही. या मुलांची प्लीहा काम करेनाशी होते आणि मग न्यूमोकोकस हा जंतू काही तासांत मूल नेतो. १९८६ मध्येच दाखवलं गेलं की दिवसातून दोनदा तोंडाने पेनिसिलिन दिलं तर असे संसर्ग ८४ टक्के कमी होतात. पाच वर्षांपर्यंत द्यायचं, मुलगी ठणठणीत दिसली तरी. पीसीव्ही ही न्यूमोकोकसची लस आता सरकारी लसीकरणात आहेच, ती झाली का कार्डवर बघा, आणि दोन वर्षांनंतर न्यूमोकोकसची दुसरी लसही घ्यायची आहे. आणखी एक गैरसमज, एएसला मलेरियापासून थोडं संरक्षण असतं हे खरं, पण एसएस मुलाला ते नसतं, उलट मलेरिया त्याला जास्त जड जातो. गोंदिया-गडचिरोलीकडे नातेवाइकांकडे जाणं होत असेल तर मच्छरदाणी विसरू नका.

पोट बघायला शिका. डॉक्टरांना सांगा, डाव्या बरगड्यांच्या खाली प्लीहा कशी चाचपायची ते आम्हाला दाखवा. मी जीभ दाबायची लाकडी पट्टी घेतो, तिचं एक टोक बरगडीच्या कडेला लावतो, आज प्लीहा जिथंपर्यंत लागते तिथं पेनने रेघ मारतो आणि ती पट्टी आईला देऊन टाकतो. घरी आठवड्यातून दोनदा, आणि ताप किंवा मलूल वाटलं तर लगेच. रेघेच्या बरंच खाली लागली, मूल पांढरं पडलं, पोट ताठ झालं, तर सकाळची वाट बघायची नाही, प्लीहेत रक्त अडकून काही तासांत हिमोग्लोबिन दोन-तीनवर येऊ शकतं. जमैकात आईबापांना एवढं एकच शिकवलं तर या कारणाने होणारे मृत्यू खूप कमी झाले होते. तसंच १०१ च्या वर ताप म्हणजे घरी पॅरासिटामॉल देऊन थांबायचं नाही, दाखवायचं. तुमच्या नात्यातल्या मुलाकडे बघून निष्काळजी व्हायचं नाही आणि त्या मुलीकडे बघून झोप उडवायची नाही, पण हे दोन्ही, पोट आणि ताप, मुलगी माइल्ड असली तरी तितकेच जीवघेणे आहेत. त्या कबड्डीवाल्याचीही टीसीडी झाली नसेल तर करून घ्यायला सांगा, आणि त्याला मांडी किंवा खुबा दुखतो का विचारा, या वयात मुलं लंगडतात पण सांगत नाहीत.

सिव्हिअरिटी कधीच कळत नाही असंही नाही. पहिली तीन-चार वर्षं नीट नोंद ठेवली तर चित्र उमटायला लागतं. साधी वही घ्या, दुखणं कधी, कुठं, किती दिवस, पॅरासिटामॉलवर थांबलं की अ‍ॅडमिट व्हावं लागलं, रक्त कधी चढवलं, आजारी नसताना हिमोग्लोबिन किती. ते ‘आजारी नसताना’ महत्त्वाचं आहे, झटक्यातल्या रिपोर्टवरून मुलाची रोजची पातळी कळत नाही. पाचव्या वर्षी एफ किती उरला आणि तोपर्यंत वहीत काय भरलं, यावर मी बराच जास्त विश्वास ठेवून बोलू शकतो, तेही बदलतं, मुली वयात येताना आणि पुढे गरोदरपणात परत बदलतं. म्हणून ‘माइल्ड’चा शिक्का बसलेल्या मुलांचा फॉलोअप सुटतो याची मला जास्त भीती वाटते.

अंदाज चुकला तर खरंच महागात पडतं अशी एक जागा आहे, ती म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांट. जुळणारा सख्खा भाऊ किंवा बहीण असेल तर लहान वयात त्याचे निकाल चांगले असतात, पण त्याचेही धोके आहेत, आणि जे मूल कदाचित बरं राहिलं असतं त्याला त्या धोक्यात घालायचं का, हे ठरवताना पुढचं माहीत असतं तर फार बरं झालं असतं. त्याचं सरसकट उत्तर नाही, भावंड आहे का, जुळतं का, टीसीडी काय म्हणते, खर्च कसा उभा राहील, यावर ते ठरतं. आज तुमच्यापुढे तो प्रश्न नाही, भावंडच नाही.

पण दुसऱ्या बाळाचा विचार करत असाल, तुम्ही लिहिलं नाहीये पण बहुतेक जण करतात, तर आई एस वाहक निघो की बीटा वाहक, प्रत्येक खेपेला चारातली एक शक्यता तीच राहते. दिवस राहिल्यावर ११ आठवड्यांच्या आसपास वारेचा नमुना घेऊन तपासता येतं, पण त्यासाठी आईकडून नेमकं कुठलं म्युटेशन आलंय ते आधी माहीत असावं लागतं. जीनवर पैसे खर्च करायचेच असतील तर ते तिथं करा, तुमच्या दोघांचं म्युटेशन काढण्यावर. तोपर्यंत या आठवड्यात आईची एचपीएलसी आणि सीबीसी एकाच दिवशी करा, सोबत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), आणि लोहाच्या गोळ्या चालू असतील तर ते कागदावर लिहून द्या. मुलीचं फेरिटिनही करून घ्या, पण फेरिटिन कमी आल्याशिवाय कोणी नुसत्या हिमोग्लोबिन ७.९ वर लोहाचं टॉनिक दिलं तर सुरू करू नका.